काल का आला न्हाईस?

आमच्या ट्यूशन एरियात सकाळी सातच्या तासाला पोरगं दिसलं नाही, की सात वाजून दहा मिनिटांनी त्याच्या बापाच्या मोबाइलवर मेसेज जातो. बाप हिंगोलीकडच्या कुठल्यातरी शिवारात हरभऱ्याला पाणी देत असतो. मेसेज इंग्रजीत असतो, पण पोराचं नाव आणि शेवटचा 'अ‍ॅबसेंट' एवढं त्याला बरोबर कळतं. तो फोन लावतो. पोरगं म्हणतं, डोकं दुखत होतं, बाबा. विषय संपला. गेली अठरा वर्षं मी लातुरात नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतोय आणि या व्यवस्थेचा मला बरीच वर्षं अभिमान होता. एका तासाला सव्वाशे पोरं, पण एकही गैरहजेरी निसटत नाही.

दुसरी एक हजेरी मी संध्याकाळी घेतो. मार्केट यार्डाच्या मागं एका आडत्याची जुनी बारदानाची शेड आहे, तिथं बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या पोरांची. दोनशे पानी वही, दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन. पटावर कधी तीस नावं, कधी पन्नास. मेसेज कुणालाच जात नाही, कारण पाठवायचा कुणाला हाच प्रश्न असतो. बाप यार्डात हमाल असेल तर त्या वेळी पोत्याखाली असतो, माय डाळमिलमध्ये. काहींचे दोघंही दिवाळीनंतर कर्नाटकात उसाच्या फडात. या पोरांच्या गैरहजेरीची चौकशी करणारा सगळ्या लातुरात एकच माणूस मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी पोरगं आलं की तो शेडच्या दारात आडवा उभा राहतो आणि विचारतो, "काल का आला न्हाईस?"

त्याला सगळे फौजी म्हणतात. पोरं फौजीमामा म्हणतात. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, पलटणीच्या बॉक्सिंग संघात काही वर्षं खेळलेला माणूस. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, प्रशिक्षकाचा कोर्स केलेला नाही, हे तो स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकतो. नाव लिहिलेलं त्याला आवडणार नाही, पोरांचीही मी लिहिणार नाही.

हे सुरू झालं २०१६ ला. तो उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती रेल्वे टीव्हीवर बघितली. गल्लीबोळात टँकरच्या मागं काय चालायचं ते मात्र आम्हीच बघितलं. फौजी नुकताच पेन्शनवर घरी आलेला. आपल्या गल्लीत टँकर आला की रांग लावायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. एक दिवस नंबरावरून दोन पोरांची जुंपली आणि एकाच्या कपाळात कळशी बसली. फौजीनं दोघांची मानगूट धरली आणि म्हणाला, भांडायचंच हाय तर पाऊस पडल्यावर या, नीट शिकवतो. पाऊस पडल्यावर का, तर अंघोळीलाच पाणी नाही तिथं घाम काढून करायचं काय! पाऊस पडला. दोघं आले. सोबत आणखी सात आले.

मी गेलो २०१८ मध्ये, तेही शुगर निघाली म्हणून. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि यार्डाच्या मागचा रस्ता संध्याकाळी मोकळा असतो. शेडमधून धप्प धप्प आवाज येत होता म्हणून डोकावलो. फौजीनं मला नखशिखांत न्याहाळलं, पोटावर नजर जरा जास्त वेळ ठेवली आणि विचारलं, "मास्तर, अक्षर बरं हाय का तुमचं?" बरं आहे म्हटलं. "मग ह्ये धरा." तेव्हापासून वही माझ्याकडे आहे. शुगर अजून आहेच.

शेडमध्ये रिंग नाही. नियमाची रिंग दोरांच्या आत वीस फूट बाय वीस फूट लागते, इथं तेवढी जागा असती तर आडत्यानं सोयाबीनच ठेवलं असतं. छताच्या लोखंडी अँगलला ट्रकच्या साखळीनं चार बॅगा टांगल्यात. त्या बारदानाच्याच. पहिल्यांदा पोरांनी पोत्यात वाळू भरली. आठ दिवसांत वाळू खाली बसली आणि बॅगेच्या बुडाला ठोसा मारणं म्हणजे भिंतीला मारणं झालं. मग चिंध्या आणि लाकडाचा भुसा, मधेमधे कालवून, ठोकून ठोकून भरला. पोतं कसं भरायचं आणि कसं शिवायचं हे हमालांच्या पोरांना शिकवावं लागत नाही. तागाचा वास आणि घामाचा वास मिळून जो तिसरा वास तयार होतो, तो माझ्या शर्टाला घरापर्यंत येतो. बायको म्हणते, यार्डात गोणी उचलायला लागलात का?

हाताला बांधायची पट्टी दुकानात मिळते, चार-साडेचार मीटरची. इथं ती लुगड्याची असते. जुनं सुती लुगडं उभं फाडलं की चार बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या निघतात, नऊवार असल्यानं लांबीला तोटा नाही. अंगठ्यात वळसा अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या उंचवट्यांवर, मग बोटांच्या बेचक्यांतून, परत मनगटाला. पोरं एकमेकांना बांधून देतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका काळ्याकुट्ट, मिसरूड फुटलेल्या पोराच्या मुठीवर हिरव्या लुगड्याचे काठ आले होते. आजीचं, म्हणाला. वेढे सैल पडले की फौजी सगळं सोडायला लावतो, पुन्हा पहिल्यापासून. या पट्टीत रोज दहा मिनिटं जातात आणि तेवढी दहा मिनिटं ही पोरं इतकी गप्प असतात की माझ्या वर्गातल्या पोरांनाही लाज वाटावी.

माझ्या पोटापाण्याचा विषय इथं उपयोगी पडला तो असा. हाताच्या पंजात सत्तावीस हाडं असतात. मनगटाची आठ, तळहाताची पाच, बोटांची चौदा. नीटला हा हमखास गुणांचा प्रश्न. तळहाताच्या पाचांतलं करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड मोडलं की डॉक्टर त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात. नाव चुकीचं आहे खरं तर. शिकलेला बॉक्सर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांनी मारतो, तिथली हाडं भक्कम असतात. करंगळीकडचं हाड मोडतं ते रागाच्या भरात भिंतीला, दाराला मारणाऱ्याचं. चौदा वर्षांचं एक पोरगं हात सुजवून आलं. आईची अर्ध्या दिवसाची मजुरी कुणीतरी कापली म्हणून त्यानं दुकानाच्या शटरला ठोसा हाणला होता. शटरला पोचा आला, आणि याचं तेच हाड मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत महिनाभर फौजीनं त्याला घरी बसू दिलं नाही. रोज यायचं, एका हातानं दोरीचा काउंट घ्यायचा, माझ्या वहीत इतरांची नावं पुकारायची. महिनाभर त्याला कुणी विचारलं नाही की मारलंस का. प्लास्टर निघाल्यावर मी त्याला हाडांचं चित्र काढून दाखवलं. त्यानं ते नीट बघितलं आणि म्हणाला, "म्हंजी सर, मारताना पण बघून मारावं लागतंय."

कुणी विचारेल, मराठवाड्यात आणि बॉक्सिंग कशाला? आपली कुस्ती आहे की! आहे. लातूर तर मल्लांचा जिल्हा. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी, आजही जुनी माणसं त्यांच्या कुस्त्या हातवारे करून सांगतात. पण तालमीला खुराक लागतो. दूध, बदाम, तूप. पोरगं पैलवान करायचं म्हणजे घरात दुभतं पाहिजे, निदान एक एकर ओलिताची पाहिजे. हमालाच्या घरात सकाळी काळा चहा असतो. इथं सरावानंतर मूठभर भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा, तोही यार्डातले दोन-तीन आडते आळीपाळीनं देतात म्हणून. आणि तालमीच्या तांबड्या मातीत पोरींना कुणी उतरू देत नव्हतं, अजूनही आमच्याकडं फारसं देत नाहीत. बॉक्सिंगला आमच्या भागात परंपराच नाही. त्यामुळं पोरींनी खेळू नये असंही कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

आता घंटेचं सांगतो. स्पर्धेत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मधे एकेक मिनिट विश्रांती. फौजी पोरांना दोन मिनिटं देतो, मोबाइलवर टायमर लावून. घंटा वाजली की हात जिथं असेल तिथून खाली. घंटेनंतर एक जरी ठोसा पडला, बॅगेवर का होईना, की ग्लोव्हज काढायचे आणि घरी जायचं. शिव्या नाहीत, उठाबशा नाहीत. उद्या ये. नवीन पोरांना हे जमत नाही. दोन मिनिटांत अंगात वारं भरलेलं असतं, समोरच्या पोत्यात कुणाचा तरी चेहरा दिसत असतो, आणि नेमकी तेव्हाच घंटा. मी एकदा एक पोरगं बघितलं, उजवा हात खांद्यापर्यंत मागं नेलेला, सगळा जीव त्या मुठीत, आणि घंटा झाली. ते तसंच थिजलं. हात थरथरत होता. बाकीची हसायला लागली. मग त्यानं तो हात इतका हळू खाली आणला, जसं काही त्यात काठोकाठ भरलेला पेला आहे. त्या दिवशी फौजीनं वहीत त्याच्या नावापुढं स्वतः येऊन टिक केली. हे तो कधी करत नाही.

मोहम्मद अलीच्या सायकलीची गोष्ट बॉक्सिंगवाले सगळ्यांना सांगतात. १९५४ साल, लुईव्हिल, बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची लाल सायकल चोरीला गेली. तक्रार करायला जवळचा पोलीस शोधला तर तो एका सभागृहाच्या तळघरात पोरांना बॉक्सिंग शिकवत होता. जो मार्टिन त्याचं नाव. चोराला बदडून काढतो म्हणणाऱ्या पोराला तो म्हणाला, आधी लढायला तर शिक. सहा वर्षांनी, १९६० ला, रोममध्ये त्या पोराला ऑलिम्पिक सुवर्ण. मी ही गोष्ट वर्गात बऱ्याचदा सांगितली आहे, जिद्द वगैरे शिकवायला. वही हातात आल्यापासून मला अलीपेक्षा तो पोलीस जास्त आठवतो. ड्यूटी संपल्यावर घरी जायचं सोडून तो तळघराचं कुलूप उघडत होता. त्या संध्याकाळी तिथं जी बाकीची पोरं असतील त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. तळघर उघडं होतं ते खरं तर त्यांच्यासाठी.

फौजीशी माझं एकदाच कडाक्याचं भांडण झालं, ते डोक्यावरून. तो म्हणे, मार खाल्ल्याशिवाय पोरगं शिकत नाही, समोरासमोर उतरवावंच लागतं. मी म्हणालो, डोक्याला हात लावायचा नाही. माझा मुद्दा सरळ होता. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो मेरुद्रवात तरंगतो. ठोशानं डोकं गर्रकन फिरलं की कवटी थांबते आणि मेंदू आत हिंदकळतो. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, हिंदकळणं थांबत नाही. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं बॉक्सरांचं अडखळणं, बोबडं बोलणं पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. जागतिक वैद्यकीय संघटना १९८३ पासून बॉक्सिंगवर बंदी घाला म्हणतेय. अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये सांगितलं, मुलांना हा खेळ नको. अलीलाच १९८४ मध्ये कंपवात निघाला. तो ठोशांमुळंच की कसा, यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण मला माझ्या वहीतल्या एकाही नावावर तो प्रयोग करायचा नव्हता. या पोरांना आयुष्यात एवढीच एक गोष्ट फुकट मिळालीय, धड डोकं. ते आपण का फोडायचं?

फौजी तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं पोरांना सांगितलं, सोळाच्या आतल्यानं खांद्याच्या वर मारायचं नाही, मारलं तर आठ दिवस दोरी. बॅग, पॅड, दोरी, धावणं, जोडीनं फक्त पायांची हालचाल आणि अंगाला हात टेकवणं. मोठ्यांना स्पर्धेसाठी थोडं मोकळं ठेवलं. ही तडजोड आहे, मला पूर्ण पटलेली नाही, त्यालाही नाही. चाललंय.

आणि खरं सांगायचं तर पदक ही गोष्ट शेडमध्ये फारशी येतच नाही. येते ती भरती. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. पहाटे बाभळगाव रोडला किंवा औशाच्या रस्त्याला गेलात तर अंधारात पळणारी पोरं दिसतील, त्यातली काही आमची. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे हे प्रत्येकाला पाठ आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्याही त्यांनी वाचल्या आहेत, त्यामुळं 'सर, कितीला मिळतंय?' असं विचारणारा एखादा निघतोच. आजवर आमच्यातला एक जण वर्दीत गेला. एकच. त्याचा फोटो शेडमध्ये लावायचा नाही असं फौजीनं सांगितलं. का, विचारलं तर म्हणाला, बाकीच्यांनी कुणाच्या फोटोखाली घाम गाळायचा?

दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा संस्थेची माणसं आली होती. टी-शर्ट आणले, बॅनर आणलं, नवे कोरे ग्लोव्हज पोरांच्या हातात घालून फोटो काढले. मग एका चुणचुणीत मुलानं टॅबवर फॉर्म उघडून विचारलं, आतापर्यंत किती मुलं गुन्हेगारीपासून वाचली? फौजीनं माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं. "वाचलेलं पोरगं मोजायचं कसं, ते तुमीच सांगा," फौजी म्हणाला, "गेलेलं तेवढं सांगता येतंय." मुलानं तो रकाना कोरा ठेवला. संस्था परत आली नाही. ग्लोव्हज मात्र चांगले होते, अजून चालतात.

गेलेलं पोरगं म्हणजे आमचा सगळ्यात चांगला ठोसेवाला. डावखुरा, उंच, पायात भिंगरी. एकोणिसाव्या वर्षी त्याला काम मिळालं, गाडी मिळाली, आणि तो येईनासा झाला. काम वसुलीचं होतं. खाजगी व्याजानं पैसे लावणाऱ्या कुणाचं तरी. कर्जदाराच्या दारात नुसतं उभं राहायचं, बनियनवर. एवढं अंग आम्हीच घडवलं होतं. फुकट, हरभऱ्यावर. पुढं एका भांडणात त्याच्यावर गुन्हा दाखल झाल्याचं कळलं तेव्हा फौजी शेडच्या पायरीवर बसून राहिला, टायमर तसाच वाजत होता आणि पोरं घंटा झाल्यावरही थांबेनात. मला तेव्हा टायसन आठवला. त्यालाही सुधारगृहातून उचलून कस डी'अमाटो या म्हाताऱ्या गुरूनं घरात ठेवून घेतलं, मुलासारखं. १९८५ च्या नोव्हेंबरात म्हातारा गेला. पुढच्या वर्षी टायसन वीस वर्षांचा जगज्जेता झाला आणि १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. बॉक्सिंगनं पोरं सुधारतात असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला हा हिशोब मांडावासा वाटतो. ठोसा ज्याच्या हाताशी असतो त्याच्या कामाला येतो. तो सावकाराच्याही कामाला येतो.

रिओ द जानेरोच्या मारे वस्तीत ल्यूक डाउडनी नावाच्या एका इंग्रज माणसानं २००० साली असंच काम सुरू केलं, 'फाइट फॉर पीस' म्हणून. तो स्वतः बॉक्सिंग खेळलेला आणि मानववंशशास्त्र शिकलेला. तिथं ड्रगच्या टोळ्या पोरांना बंदुका देऊन पगारावर ठेवायच्या. त्यानं बॉक्सिंगला पहिल्यापासूनच शिकवणी, नोकरीची तयारी आणि बसून बोलायला माणूस जोडला. आम्हाला हे डावखुऱ्यानंतर सुचलं. आता सरावाआधी पाऊण तास मी गणित आणि विज्ञान घेतो. माझ्या क्लासमधली दोन-तीन पोरंही येतात. त्यातला एक तिसऱ्यांदा नीट देणारा, बापानं बैलजोडी विकून फी भरलेली. तो क्लासला एक दिवसही गैरहजर नव्हता, त्यामुळं त्याच्या घरी कधीच मेसेज गेला नव्हता. फौजीनं त्याला दोन मिनिटं दोरीवर बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, ह्ये पोरगं झोपत न्हाई." मी त्याला दीड वर्ष रोज समोर बघत होतो.

वहीतलं नाव खोडायचं नाही, हा फौजीचा हुकूम आहे. डावखुऱ्याचंही नाव दर महिन्याला नव्या पानावर लिहितो मी. पुढं सगळे रकाने मोकळे. आणखी एक हुकूम: परवाचं विचारायचं नाही. कुणी आठ दिवसांनी आलं, महिन्यानं आलं, तरी विचारायचं ते फक्त कालचं. सगळा हिशोब मागितला की पोरगं दारातून परत फिरतं, असं तो म्हणतो.

पोरी आल्या त्या निखत झरीनमुळं. ती निजामाबादची. नांदेडहून मुदखेड, धर्माबाद, बासर करत रेल्वे निजामाबादला जाते, म्हणजे आमच्या शेजारच्या घरातलीच म्हणायची, निजामाच्या राज्यात तर एकच घर होतं. मे २०२२ मध्ये ती इस्तंबूलला जगज्जेती झाली, पुढच्या वर्षी दिल्लीत पुन्हा. यार्डातल्या चहाच्या टपरीवर टीव्हीवर तिला बघून पाच पोरी शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. फौजीनं पुढच्या रांगेतल्या दोन बॅगा त्यांना दिल्या आणि वारानुसार वेळ ठरवून टाकली. रविवार तेवढा सगळ्यांना सुट्टी.

त्यातली एक जळकोटकडची, इथं मावशीकडं राहायची. आई-बाप कोयत्यावर. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, अर्धी उचल. म्हणून पोराचं लग्न लवकर, म्हणून पोरीचं त्याहून लवकर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. बीड-परभणीत आकडा याच्या दुपटीच्या आसपास. पोरगी पंधराची होती. एके दिवशी पट्टी बांधता बांधता सहज म्हणाली, "मामा, उद्या येणार न्हाई. पाव्हणे येणारेत."

मी कायदा घेऊन मावशीकडं गेलो. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर, शिक्षा, दंड. मावशीनं पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, सर, पोरगी अठराची हाय. वरपक्षालाही तसंच सांगितलेलं. माझं कायद्याचं बोलणं तिथंच आटपलं. फौजी दुसऱ्या दिवशी वेगळ्याच कामाला गेला. म्हणाला, जिल्ह्याच्या स्पर्धेला पोरीचं नाव घालायचंय, वयाप्रमाणे गट असतात, जन्मदाखला लागतो, मी गावाकडून काढून आणतो, फक्त आईचं नाव बरोबर सांगा. खेळाचं काम म्हणून कुणाला शंका आली नाही. ग्रामपंचायतीचा दाखला आला. त्याच्या चार झेरॉक्स काढल्या. एक स्पर्धेच्या फॉर्मला, एक शाळेत, एक माझ्या वहीत. चौथी फौजीनं मावशीच्या घरात देवाच्या फोटोशेजारी स्वतःच्या हातानं चिकटवली, स्पर्धेत विचारतील, हाताशी असू द्या म्हणून. पंधरा वर्षं सात महिने, शिक्क्यासकट भिंतीवर. पाहुणे आले, पोहे खाल्ले, भिंतीकडं बघितलं आणि गेले. बापाचा फडातून फोन आला तो ऐकण्यासारखा नव्हता. फौजीनं तो पूर्ण ऐकून घेतला, मधे एकदाही बोलला नाही.

स्पर्धेत ती पहिल्याच लढतीत हरली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाप स्वतः आला आणि तिला घेऊन गेला, फडावर धाकट्या भावंडांना सांभाळायला. हे थांबवायला आमच्याकडं कुठला दाखला नव्हता. मी वहीत तिचं नाव लिहीत राहिलो. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, पान उलटलं की नाव, नावापुढं तीस मोकळे चौकोन. माघात एकदा मी फौजीला म्हणालो, हे आता उगीच आहे. त्यानं उत्तर दिलं नाही, नुसतं बॉलपेन माझ्या हातात परत ठेवलं.

पाडव्यानंतर एका सोमवारी ती आली. उंच झालेली, रापलेली, दोन्ही तळहातांना उसाच्या पात्यानं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. हातात लुगड्याच्या पट्टीची गुंडाळी होती, ती तिनं सहा महिने कुठं जपली देव जाणे. सगळी शेड थांबली. फौजी दारात आडवा उभा राहिला, कमरेवर हात ठेवून.

"काल का आली न्हाईस?"

ती क्षणभर बावरली. मग म्हणाली, "मामा, काल रविवार होता की."